टेकू कुणाचे?

कोसळलेल्या स्लॅबखालून सेंट्रिंगवाल्याचं प्रेत काढलं, तेव्हा घरमालकाने पहिला प्रश्न विचारला, "भिंतीवरचं रक्त धुऊन निघेल ना?"

फौजदारबाईंनी वळून त्याच्याकडे पाहिलं. माणूस मेलाय आणि याला भिंतीची पडलीय!

"त्यानेच स्लॅबखालचे टेकू काढले," मालक म्हणाला. "पिऊन आला असेल."

"तो थेंबाला शिवत नव्हता हो," ठेकेदार कळवळला. "त्याची चूक ठरली, तर बायकोला भरपाई मिळायची नाही."

त्याची बायको ढिगाऱ्याशेजारी दगडासारखी बसली होती.

बाई वाकून आत शिरल्या. कडेचे लाकडी टेकू शाबूत होते. मधल्यांचे घोटाभर उंचीचे बुंधे तेवढे उरले होते, करवतीने कापलेले. खालच्या पाचरी जागच्या जागी घट्ट होत्या.

"टेकू कसे काढता?" त्यांनी ठेकेदाराला विचारलं.

"हातोड्याने पाचर उडवली की टेकू अख्खा सुटतो. मग पुढच्या घराला तेच लावतो."

"म्हणे पुढच्या घराला!" मालक उसळला. "ठरलेल्या रकमेत सगळं आलं. खिळा न् खिळा!"

"टेकूही?"

"सगळं म्हणजे सगळं."

बाई घरामागे गेल्या. मालकाच्या गाडीसाठी लाकडी खांबांवर नवंकोरं छप्पर उभारलं होतं. त्यांनी एका खांबाचा हिरवा रंग नखाने खरवडला. रंगाखाली सिमेंटचे ओघळ होते.

त्या परतल्या त्या तडक मालकासमोर.

"ज्याला हेच टेकू पुन्हा वापरायचेत, तो ते कापेल कशाला? सेंट्रिंगवाल्याला तर पाचर ठाऊक, त्याला करवत नको. कापणाऱ्याला यातलं काहीच कळत नव्हतं. फक्त ठेकेदाराने न्यायच्या आत लाकूड लाटायचं होतं. बाहेरून दिसू नये म्हणून मधले कापले. आज हा बिचारा खाली गेला आणि कच्चा स्लॅब अंगावर आला. तुमचं छप्पर त्याच टेकूंवर उभं आहे."

"पैसे मोजलेत मी! माझंच लाकूड कापलं, त्यात गुन्हा कसला?"

शिपायाने त्याचा दंड धरला. बाईंना त्याच्याकडे बघवेना.

त्या बायकोजवळ उकिडव्या बसल्या. "तुमच्या माणसाची काही चूक नव्हती. तसं मी लिहून देते. भरपाई मिळेल."

ती तेव्हा कुठे रडली.

गाडीत कोंबता कोंबता मालक ठेकेदारावर ओरडत होता, "स्लॅब पुन्हा टाकून द्यायचा! जादा एक छदाम मिळणार नाही!"