प्रूफावरची राखाडी पट्टी

बसा. मी शिकलो चौथीपतूर, पण राखाडी रंग मला कुणी शिकवू नये. भालकीच्या एका प्रेसात जलम गेला माझा. निळी, गुलाबी अन् पिवळी शाई तोलून राखाडी जमवावा लागतो. गुलाबी जराशी चढली की काळापांढरा फोटो लाजल्यावानी दिसतो.

त्या दुपारी सावित्रीबाईच्या पहिल्या पुण्यस्मरणाचं पत्रक मशीनवर होतं. भोवती झेंडूची रंगीत वेल, मधी बाईचा काळापांढरा फोटो. खटकचिंचोळीहून तिची लेक शिवगंगा आलेली. उन्हानं गाल लालबुंद. प्रूफ बघून म्हणाली, "आईचा फोटो अस्साच यावा, अप्पा."

मालक राजपाल आतून वरडला, "प्रूफासारखा आला न्हाई तर उद्यापासून मशीनला हात लावू नका. डोळे गेलेत तुमचे!"

"तुझे तर अजून उघडलेच न्हाईत," मी म्हणलं.

पहिले कागद झकास आले. छापलेले कागद पडतात तिथं शिवगंगा स्टूल घेऊन बसली. मग फोटोतल्या गालावर तांबूस झाक आली. गुलाबी कमी केली. झाक वाढली. वैतागून गुलाबी पार बंद केली, रोलर धुतला. झेंडू फिका पडला, कागदाच्या कडेला रंग तपासायला छापतात ती राखाडी पट्टी हिरवट झाली. व्हायलाच पाहिजे. पण बाईचे गाल... लाल. आता ओठ बी. शाईच्या वासात ओल्या हळदीचा वास यायलाय. हे कुठून?

"आई बरी दिसायलीय, न्हाई..." शिवगंगा हळूच म्हणाली. "थांबवू नका, अप्पा..."

मी तिच्याकडं बघितलं, अन् मला काही कळंना. खिडकीतून लख्ख ऊन तिच्या तोंडावर होतं. तरी तोंडावर लाली न्हाई, पिवळेपणा न्हाई, काहीच न्हाई. मशीन थांबवली.

"कामून थांबवली?" आतून राजपाल.

"इकडं ये. माझे डोळे गेलेत म्हणतोस... तूच बघ."

तो येईपतूर मी प्रूफाच्या कडेची राखाडी पट्टी फाडली अन् पोरीच्या मनगटावर ठेवली. हात गार. पट्टी कुठं संपली अन् मनगट कुठं सुरू झालं, ते मला दिसंना.

राजपाल वाकला. मनगटाकडं नीट बघितलं.

"जमलं की, अप्पा. अगदी प्रूफासारखं," म्हणाला, अन् त्यानं मशीनचं बटण दाबलं.