शेवटची नळी

ज्याला खोटं वाटेल त्याने इथूनच उठून आपल्या कामाला लागावं. घडलं तसंच सांगितलं आहे. मीठमसाला लावायची गरजच पडली नाही.

आणि भुतं रात्रीच येतात हे कुणी ठरवलं? ही भर दुपारची गोष्ट. रविवार होता. खिडकीतून ऊन थेट टेबलावर पडलं होतं.

घराच्या मागच्या दोन खोल्यांत कॉम्प्युटर जुळवून द्यायचं दुकान. आधी ते थोरल्या भावाचं होतं. मागच्या थंडीत थोरला गेला. खोकला, खोकला म्हणत, पुदिन्याच्या गोळ्या चघळत, एक दिवस गेलाच. दुकान धाकट्याकडे आलं.

दुकान आलं. नाव नाही आलं.

प्रत्येक गिऱ्हाईक दारातच उसासा टाकायचं, "दादा असता तर..."

धाकटा मान डोलवायचा आणि आतल्या आत जळायचा. लहानपणापासूनचं होतं ते. थोरल्याचं अक्षर सुंदर, थोरल्याचा हात सफाईदार, थोरल्याची बायको गोड बोलणारी. हा आपला कायम "त्याचा भाऊ". मेलेल्या माणसाचा हेवा करू नये हे त्यालाही कळत होतं. कळून काय उपयोग? पोटात दुखायचं ते दुखायचंच.

सगळ्यात मोठा सल एकच. पडद्यावरची चित्रं घडवता घडवता तापणारं ग्राफिक्स कार्ड पाण्याने थंड ठेवायचं काम थोरल्याने त्याला कधी करू दिलं नाही. जिथे पंखे कमी पडतात तिथे कार्डावर धातूची चपटी पेटी बसवायची आणि नळ्यांतून पाणी फिरवायचं. टाकी, पंप, कार्ड, गरम पाणी निववणारा रेडिएटर आणि परत टाकी. एक थेंब गळला की कार्ड मेलं.

"तू पंखे लाव," थोरला म्हणायचा. "पाणी मी बघतो."

त्या रविवारी दुपारी स्टुडिओवाला येणार होता. कार्टूनच्या फिल्म करणारा, थोरल्याचं जुनं गिऱ्हाईक. त्याला पाण्यावरची मशीन बघायची होती. पसंत पडली तर स्टुडिओतल्या सगळ्या मशीनचं काम धाकट्याला. नाही पडली तर पंखे लावत बसायचं, जन्मभर.

कार्ड वहिनीने दिलं. थोरल्याच्याच मशीनमधलं.

"घेऊन जा, भावजी. फक्त त्यांच्या नळ्या तेवढ्या राहू द्या. त्यांच्या हातच्या आहेत."

"बघतो."

बघितलं काय, तर शनिवारीच नळ्यांचे करवतीने तुकडे केले आणि कचऱ्याच्या गाडीत टाकले. प्रत्येक नळीच्या वळणावर थोरल्याच्या अंगठ्याचा ठसा होता. तापलेली नळी उघड्या अंगठ्याने दाबायची त्याची खोडच होती. बाकीची दुनिया हातमोजे घालते, हे साहेब नाही! तो ठसा बघून धाकट्याचं डोकं फिरलं.

मशीनवर हात दिसला पाहिजे तो माझा.

रविवारी सकाळपासून तो बसला. काचेसारखी दिसणारी प्लॅस्टिकची नळी, हीट गनने तापवायची आणि वळवायची. पहिल्या तीन बऱ्या जमल्या. चौथी, कार्डापासून रेडिएटरकडे जाणारी, अगदी समोर दिसणारी... ती वाकडी झाली. वळणाशी दबली, मान मुरगळलेल्या कोंबडीसारखी. दुसरी नळी शिल्लक नव्हती. तीच बसवली.

मग हवेची परीक्षा. पाणी भरण्याआधी एका तोंडाला रबरी नळी लावून तोंडाने फुंकायचं आणि अंगठ्याने बंद करायचं. थोडं थांबून अंगठा काढला की फुस्स करून हवा बाहेर येते. आली तर समजायचं, कुठे गळत नाही.

त्याने फुंकलं. थांबला. अंगठा काढला.

फुस्स.

चला, गळत नाही.

पण हवा थांबेना...

येतच राहिली. त्याच्या एका फुंकरीत मावणार नाही इतकी. गरम. ओलसर.

आणि तिला वास होता...

पुदिन्याच्या गोळीचा.

त्याने नळी टाकून दिली. मग स्वतःलाच शिव्या घातल्या. उपाशीपोटी भास होतात, झालं. पाणी भरलं, प्रत्येक जोडाखाली कागदी रुमाल ठेवला. थेंब पडला तर कागदावर दिसावा म्हणून. कार्डाची वीज बंद, फक्त पंप चालू. आणि दार ओढून जेवायला गेला.

"तोंड का पांढरं पडलंय?" आईने विचारलं.

"काही नाही."

"जमत नसेल तर सांग त्या स्टुडिओवाल्याला. नाक कापून घेण्यापेक्षा फोन करणं सोपं."

"जमलंय, आई!"

"मग ओरडतोस कशाला? जमलेली माणसं ओरडत नाहीत."

जेवताना मागून पंपाचा आवाज येत होता. पाण्यात बुडबुडे फुटायचे. गुडगुड... गुडगुड...

एकदम बंद.

आई घास घेता घेता थांबली.

मागच्या खोलीत कुणीतरी खोकललं...

दोनदा. कोरडं.

 आईने वहिनीच्या खोलीच्या दाराकडे बघितलं. दार बंद होतं.

धाकटा धावला. खोलीत कुणी नव्हतं. पंप चालूच होता, पण आवाज नाही. नळ्यांत एक बुडबुडा शिल्लक नव्हता. कागदी रुमाल कोरडे ठणठणीत.

आणि चौथी नळी...

नितळ. सुबक वळणाची.

वाकडी नळी कुठेच नव्हती. टेबलाखाली नाही, कचऱ्यात नाही. पाणी भरलेल्या मशीनमधून नळी बदलायची तर आधी सगळं पाणी काढावं लागतं. इथे टेबलावर एक थेंबही नव्हता.

काढून फेकावी असं त्याच्या मनात आलं. हात पुढे केला आणि मागे घेतला. घड्याळ बघितलं. स्टुडिओवाला यायची वेळ झाली होती.

स्टुडिओवाला आला. वाकून बघितलं आणि चेहरा खुलला.

"अरे वा, दादाचा हात! जुनी मशीन जपून ठेवलीस की. सगळ्या अशाच करून देशील?"

धाकट्याला म्हणायचं होतं, माझी आहे. मी केली.

तोंडातून निघालं, "देईन."

पाहुणा गेल्यावर वहिनी मशीनपाशी आली. चौथ्या नळीच्या वळणावर तोच अंगठ्याचा ठसा होता. तिने त्यावर आपला अंगठा ठेवला आणि पटकन मागे घेतला.

"भावजी... ही अजून गरम आहे."

त्याने सगळं सांगितलं. नळ्या कापल्या तेही, वास आला तेही. त्याला वाटलं, ही किंचाळेल, नाहीतर रडेल.

तिने रबरी नळी उचलली. पाण्याच्या वर, टाकीच्या तोंडाला लावली. डोळे मिटून फुंकलं. थांबली. अंगठा काढला.

फुस्स.

एवढंच. तिचीच हवा, तिला परत.

ती बराच वेळ नळी गालाशी धरून बसली. मग तिने त्याच्याकडे बघितलं. ती नजर त्याच्या चांगल्या ओळखीची होती. इतकी वर्षं आरशात बघितलेली.

"तुमच्याकडे येतात," ती म्हणाली. "माझ्याकडे एकदाही आले नाहीत."

आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी धाकट्याचा हेवा करत होतं. आणि त्याच्या अंगावर काटा आला.

आता दुकान जोरात चालतं. स्टुडिओच्या मशीन झाल्या, त्यांच्या ओळखीने आणखी आल्या. लोक म्हणतात, दादाचा हात भावात उतरला. वहिनी दुकानात पाऊल टाकत नाही. धाकट्याशी बोलतही नाही.

आणि शेवटची नळी तो वळवतच नाही. तशीच सरळ टेबलावर ठेवतो, हीट गनशेजारी. तिच्या जागी तेवढ्यापुरती रबरी नळी जोडतो, पंप चालू करतो आणि दार ओढून जेवायला बसतो.



पंप गुडगुडत असतो. गुडगुड... गुडगुड...

मग आवाज बंद होतो.

आणि दरवेळी, खोकला ऐकू यायच्या आधीच, वहिनीच्या खोलीचं दार आतून हळूच उघडतं.