वाकड्या कणाचा उजेड

चहा घ्या, पण हे तुम्ही मानणार नाही. आजवर कुणी मानलेलं नाही, आणि मानलं असतं तर मला सांगायची गोडी राहिली नसती. आपल्या सोलापुरात एक पोरगी उजेड वाकवायची... विळ्यासारखा!

वळसंगची शिवानी. पुणे रोडच्या प्रयोगशाळेत एकटीच. केसाहून पन्नासपट बारीक काचेचे कण घडवायची, त्यांतून लेझर सोडायची. दिवसभर बोलायला कुणी नाही. संध्याकाळी आईचा फोन – “जेवलीस का?” “व्हय.” डबा झाकलेलाच.

एकदा सूक्ष्मदर्शक बिघडला. दुरुस्तीला अक्कलकोटचा नंदीश आला. डोळा लावून म्हणाला, “मॅडम, हा कण वाकडा हाय की. टाकून देऊ?”

“खबरदार! महिनाभर खपून वाकडा केलाय.”

“कशापायी?”

“सारख्या कणातून उजेड सरळ जातो. ह्याची एक बाजू जाड, एक बारीक. जाड बाजूचा उजेड मागं रेंगाळतो... मग बाहेर पडताना सगळी रेघच वळते.”

“रेंगाळतो का पण?”

“काचेतून त्याला जास्त चालावं लागतं.”

“मला वाटलं, आत कुणी आवडलं असंल.”

शिवानी हसली – आणि आपल्याच हसण्यानं दचकली. त्या खोलीत तो आवाज कधी झालाच नव्हता.

यंत्र एका दिवसात नीट झालं. नंदीश अकरा दिवस येत राहिला, तेच भिंग पुसायला. अन् शिवानी? रोज सकाळी त्या भिंगावर हळूच बोटाचा डाग उमटवून ठेवायची.

बाराव्या दिवशी तो दारातच थांबला. “हुबळीला नोकरी लागली. आज चारची गाडी... जाऊ का?”

‘नका’ अगदी ओठांवर आलं होतं. ती म्हणाली, “भिंग स्वच्छ आहे ना? मग... या.”

तो गेला. खोलीत नुसती यंत्राची घरघर उरली.

आता खरी गंमत ऐका! शिवानीनं कण जरासा फिरवला. उजेड खिडकीतून निघाला, पुणे नाक्याला वळला, रिक्षा चुकवत एसटी स्टँडवर पोचला आणि नंदीशच्या खांद्यावर टेकला. पाठोपाठ ती धावत आली, सगळ्या फलाटाला ऐकू जाईल अशी हाक मारली, “नंदीश, जाऊ नका!” आणि मग त्यानं –

“खोटं!”

आपल्या टपरीच्या मागच्या बाकावर नंदीशच बसला होता. हातातला चहा गार झालेला.

“उजेडाचं ऱ्हाऊ द्या, मामा. हाक न्हाय आली. मी वाट बघत दोन गाड्या सोडल्या की.”