बोरगाव मेघेतला शेजार

हे कोणाला पटवून देण्यासाठी मी सांगत नाही. सत्तरी ओलांडली आहे, आता खोटं बोलून मला काय मिळणार? हे माझ्या मुलीच्या बाबतीत घडलं आणि मी तिथे होतो. एवढंच.

साल १९८३. मे महिना. वर्ध्याला लागून असलेलं बोरगाव मेघे.

वेळ भर दुपारची. रात्रीची नव्हे.

आर्वीहून माझी वर्ध्याच्या कचेरीत बदली झाली. बरोबर बायको जयवंता, पाच वर्षांची विशाखा आणि आठ महिन्यांचं बाळ. चुलतभाऊ रामाजीकडे उतरलो. त्याच्या दोन खोल्या, त्याची पाच माणसं, वर आम्ही चार. रामाजी काही बोलायचा नाही, पण त्याच्या बायकोनं भांडी आपटायला सुरुवात केली होती.

कचेरी सुटली की सायकल काढून मी घर शोधायला निघायचो. शहरात खोल्या होत्या. मालक खोली दाखवायचे, नळ दाखवायचे, वस्ती किती चांगली आहे ते सांगायचे.

मग आडनाव विचारायचे.

आम्ही बौद्ध. आडनाव कळलं की ती खोली कालच कोणाला तरी दिलेली निघायची. एका ठिकाणी जयवंता बाळाला घेऊन माझ्यासोबत होती. परत येताना ती म्हणाली, "कुठं बी पाहा, पण लवकर पाहा. मले भाऊजींच्या घरात पाणी प्यायले बी लाज वाटते आता."

शेवटी सेलूच्या महादेवरावांचं कळलं. त्यांनी बोरगाव मेघेच्या नव्या ले-आउटमध्ये घर बांधलं होतं. त्यांनी आडनाव ऐकलं आणि किल्ली काढून दिली.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी एकटाच घर पाहायला गेलो. मोकळं माळरान, चुन्याच्या रेघा मारलेले प्लॉट. महादेवरावांचं घर, त्याला लागून आणखी एक, आणि बरंच लांब शकुबाई नावाच्या म्हातारीचं. बाकी काही नाही. मी सायकल वळवणारच होतो. इतक्या एकट्या जागी जयवंतानं दोन लेकरं घेऊन दिवस कसा काढायचा?

तेवढ्यात लागूनच्या घराच्या ओसरीवर एक बाई दिसली. खाटेवर शेवया वाळत घालत होती. डोक्यावरून पदर. जवळ दोन मुली सागरगोटे खेळत होत्या.

"घर पाहून राह्यले का?" तिनं विचारलं.

मी हो म्हटलं.

"लेकरं हायेत?"

"दोन आहेत."

ती हसली. "या मंग. लेकरं असले का बरं वाटते."

आडनाव तिनं विचारलं नाही. मी तिथेच ठरवलं, राहायचं तर इथेच.

दोन दिवसांत आम्ही सामान हलवलं.

त्या दिवशी शेजारच्या घरी कोणी दिसलं नाही. ऊनच इतकं होतं की कोण बाहेर येणार? पण पुढे रोज दुपारी भिंतीपलीकडून आवाज यायचे. जातं फिरायचं. भांडं ठेवल्याचा आवाज व्हायचा. कोणीतरी पोरीला हळू आवाजात रागवायचं.

जयवंता खूश होती. तिनं अजून कोणाला पाहिलं नव्हतं, पण भिंतीपलीकडे माणसं आहेत एवढंच तिला पुरेसं होतं. विशाखा तर रोज दुपारी तिकडे खेळायला जायला लागली.

चौथ्या दिवशी जयवंतानं विशाखाच्या हाती वाटीभर भाजी पाठवली. वाटी परत आली, घासून पुसून. आत गुळाचा खडा होता.

संध्याकाळी जयवंता बोलायला म्हणून गेली. आणि...

दाराला कुलूप होतं.

गंजलेलं. कडीवर कोळ्याचं जाळं.

तिनं मला सांगितलं तेव्हा मी म्हटलं, मागचं दार वापरत असतील. मागे दार आहे की नाही, ते मी जाऊन पाहिलं नाही. खरं म्हणजे मला पाहायचंच नव्हतं. हे घर सोडायचं तर जायचं कुठे?

ही चूक माझी. ती मी कोणावर ढकलत नाही.

मग तो रविवार आला. जेवून आम्ही सगळे पडलो. मला जाग आली ती जयवंताच्या हाकेनं. विशाखा अंथरुणात नव्हती.

बाहेर डोळे दिपवणारं ऊन. माळावर चिटपाखरू नाही. मी हाका मारल्या. घरामागच्या विहिरीत वाकून पाहिलं... पाणी स्थिर होतं. तसाच अनवाणी शकुबाईकडे पळालो आणि विचारलं, शेजारची माणसं कुठे गेली?

म्हातारी माझ्याकडे बघतच राहिली.

"कोन्ती मानसं? त्या घराचा मालक भिलाईले असते. घर बांधलं आन् गेला. तिथं कोनी राह्यलंच नाई कधी."

मला तिच्याशी भांडावंसं वाटलं. मी त्यांना पाहिलं होतं. बोललो होतो.

मी परत पळालो आणि दगडानं कुलूप तोडलं.

आत तीन खोल्या. चूल नाही, खाट नाही, जातं नाही. मागचं दारही नव्हतं. जमिनीवर धुळीचा जाड थर... आणि त्यावर एकही पाऊल उमटलेलं नव्हतं.

मी प्रत्येक खोली पाहिली. विशाखा कुठेच नव्हती. धुळीत फक्त माझी पावलं.

बाहेर येऊन मी ओसरीच्या पायरीवर बसलो. जयवंता बाळाला छातीशी धरून माझ्यापाशी उभी होती. शकुबाई माणसं बोलवायला गावाकडे गेली होती.

तेव्हा आमच्या पाठीमागून, आताच मी पाहून आलेल्या त्या रिकाम्या घरातून...

"निजली हाये पोरगी. कच्च्या झोपेतून काऊन उठवता?"

तोच आवाज.

मी वळलो. उघडं दार, आत धूळ. कोणी नाही. मी त्या दारासमोर हात जोडले. काय काय बोललो ते आज आठवत नाही. आम्ही निघून जातो म्हटलं. मला ठेवा, तिला सोडा म्हटलं. कपाळ टेकलं, फरशी पोळत होती तरी.

जयवंता रडली नाही. ती दाराशी गेली आणि म्हणाली, "बाई, मी तिची माय हाय. दे मले."

मग आवाज आला, अगदी हळू, समजावल्यासारखा.

"उन्हं उतरू दे, माय. पोरीले ऊन लागंल."

आम्ही बसलो. दुसरं करणार काय? मी तीनदा आत जाऊन आलो. तीनही वेळा खोल्या रिकाम्या. जयवंता जागची हलली नाही. बाळ रडून रडून झोपलं. सावली पायरीवरून अंगणात उतरली, अंगणातून कुंपणापर्यंत गेली.

साडेपाचच्या सुमारास विशाखा त्या दारातून बाहेर आली.

डोळे चोळत. नुकती झोपेतून उठल्यासारखी. केसांना तेल लावून दोन घट्ट वेण्या घातलेल्या. जयवंता तिला नेहमी एकच वेणी घालायची.

पायांना धुळीचा कण नव्हता.

घरी नेऊन आम्ही तिला भात कालवून दिला. तिनं तोंड फिरवलं. पोट भरलंय म्हणाली. पुढचे दोन दिवस तिनं काही खाल्लं नाही आणि तिला भूकही लागली नाही. कुठे होतीस विचारलं की एकच सांगायची... ताईंच्या घरी.

भर उन्हात यायला कोणी तयार नव्हतं; शकुबाई माणसं घेऊन आली तोवर अंधार पडत आला होता. कोणी आत गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी बैलबंडी आणून सामान भरलं आणि परत रामाजीच्या दारात गेलो. पुढे चार महिने आम्ही त्याच्या ओसरीवर काढले. जयवंता रामाजीच्या बायकोची भांडी घासायची, पण कधी कुरकुरली नाही.

आता एक गोष्ट उरली. ती मी विशाखालाही सांगितलेली नाही.

बंडी निघाली तेव्हा मी बैलांसोबत चालत होतो. जयवंता लेकरांना घेऊन मागे बसली होती. शेजारच्या घरासमोर आलो आणि मी वळून पाहिलं. दार तसंच उघडं होतं. ओसरी रिकामी.

जयवंतानं डोक्यावर पदर घेतला. थोरल्या जावेसमोर घ्यावा तसा. आणि त्या रिकाम्या ओसरीकडे पाहून मान लववली.

"येतो," ती म्हणाली.

मग थोडं थांबली, कोणाचं तरी ऐकत असल्यासारखी. आणि म्हणाली, "हो. सांभाळीन."

मी रस्त्यात विचारलं, काय सांभाळशील? तिनं बाळाचं झबलं नीट केलं आणि दुसरंच काही बोलली. पुढे अठ्ठावीस वर्षं आम्ही संसार केला. मी कितीदा तरी विचारलं. शेवटच्या आजारपणात, दवाखान्यात तिचा हात हातात धरूनही विचारलं.

तिनं माझ्याकडे पाहिलं आणि कूस बदलली.