एका बोटाची जागा

परदेशी निघायला आठ दिवस उरले होते, तेव्हा मास्तरांनी खिडकीपाशी टेबलावर जुनं वर्तमानपत्र पसरलं आणि पेनांची लाकडी पेटी उघडली. शाईची सात पेनं. त्यांनी एकेक काढून ओळीनं मांडलं, बाजूला दौत, कोमट पाण्याची वाटी आणि पुसायला मऊ चिंधी ठेवली.

"अरे, कपडे अजून खाटेवर लोळतायत आणि तू पेनांची शाळा भरवून बसलास?" अक्का दारातून म्हणाली. मास्तरांची ही थोरली बहीण शेजारच्याच खोलीत राहायची, आणि भाऊ एकाहत्तर वर्षांचा झाला तरी त्याचे कान धरायचा हक्क तिनं सोडला नव्हता.

"कपडे कोण बघतंय, अक्का? अक्षर बघतात."

"अक्षर बघून विमानात खिडकीची जागा देतात का रे?"

एरवी मास्तर हसले असते. आज त्यांनी नुसती मान हलवली. अक्काच्याही ते लक्षात आलं. ती कपड्यांच्या घड्या घालायला बसली.

मास्तरांनी अडतीस वर्षं लहान मुलांना अक्षर शिकवलं होतं. त्यांच्या हाताखालून गेलेलं मूल कुठेही असलं तरी त्याची वेलांटी ओळखू येते, असं लोक म्हणायचे. एकुलता एक मुलगाही त्यांच्याच वर्गात शिकला. तो वीस वर्षांपूर्वी परदेशी गेला, तिथेच त्यानं संसार केला आणि गेल्या वर्षी आठ महिन्यांच्या आजारानंतर तिथेच गेला. आजाराची बातमी उशिरा कळली, तेव्हा मास्तरांनी धावपळ केली. पण कागदपत्रांवर शिक्के बसेपर्यंत सगळं उरकलं होतं.

आता सुनेनं बोलावलं होतं. घराजवळच्या तळ्याकाठी मुलाच्या आठवणीसाठी दगडी बाक बसवायचा होता. दवाखान्यात असताना त्यानं एकच सांगून ठेवलं होतं, की नाव बाबांच्या हातचं असू दे. "कागदावर लिहून पाठवलंत तरी चालेल, बाबा," सून फोनवर म्हणाली होती. मास्तर म्हणाले, "नको. मी येऊन लिहितो." पोराच्या शेवटच्या दिवसांत पोहोचता आलं नाही, निदान त्याचं नाव तरी समोर बसून नीट लिहावं, एवढंच त्यांना हवं होतं.

अडचण हाताची होती. दोन वर्षांपासून उजवा हात थरथरायचा, आणि अलीकडे जडही वाटायचा. म्हणून पेन निवडणं महत्त्वाचं. वजनदार पेन आणि रुंद निब असली की थरथर थोडी लपते, हे त्यांना अनुभवानं माहीत होतं.

सहा पेनं त्यांनी धुतली आणि भरली. सातव्याला, हिरव्या पेनाला, हात लावला नाही. ते मुलाचं. सातव्या वाढदिवसाला दिलेलं, आणि परदेशी जाताना तो विसरून गेलेला. निदान मास्तर तरी तसंच समजत आले होते.

मग त्यांनी जुनी वही उघडली. नवीन निब आली की तिची परीक्षा ते या वहीत घेत. ओळही ठरलेली, वर्गातल्या मुलांना पहिल्या दिवशी घालून द्यायचे तीच: "सावकाश लिही, सुंदर लिही." सहा पेनांनी सहा ओळी लिहिल्या. शाई वाळायला वही उघडी ठेवून ते चहा प्यायला उठले.

परत येऊन बघतात तो सगळ्या ओळी फिसकटलेल्या. प्रत्येक अक्षरावरून शाईचा फिका पट्टा डावीकडून उजवीकडे ओढला गेला होता.

"अक्का, वहीला हात लावलास?"

"मी इथून हलले तरी का? तुझे सदरे मोजतेय. पाच सदरे आणि एकाला बटण नाही."

मास्तरांनी स्वतःचा उजवा तळहात पाहिला. स्वच्छ होता. मग ते बराच वेळ त्या ओळींकडे बघत राहिले. असले पट्टे त्यांनी आयुष्यभर पाहिले होते. वह्यांचा गठ्ठा समोर आला की नाव न वाचता ते सांगायचे, हे पोर डावखुरं. डावा हात लिहिता लिहिता ओल्या अक्षरांवरून सरकत जातो आणि करंगळीखालची कड सगळं पुसत नेते.

त्यांचा मुलगा डावखुरा होता.

मास्तरांनी मुलावर कधी हात उगारला नाही. हे ते अभिमानानं सांगायचे. संध्याकाळी लिहायला बसवलं, की ते त्याचा डावा हात पांढऱ्या रुमालानं खुर्चीच्या हाताला बांधायचे, बस. गाठ दुहेरी, पण घट्ट नाही. बांधून झाल्यावर रुमालाखाली स्वतःचं एक बोट घालून बघायचे. बोट सहज गेलं तरच "हं, लिही आता" म्हणायचे. पोराला काचू नये म्हणून. जगात वावरायचं तर उजव्या हातानं लिहिलेलं बरं, असं त्यांना मनापासून वाटायचं. पोरगा रडला नाही. दोन वर्षांनी एका संध्याकाळी त्यानं आपणहून रुमाल आणला आणि हात पुढे केला. त्या दिवशी मास्तरांनी अक्काला कौतुकानं सांगितलं होतं, "सुधारला!"

अक्का तेव्हा उठून आत गेली होती.

दुसऱ्या दिवशी मास्तर पेटी घेऊन पेन दुरुस्त करणाऱ्याकडे गेले. बोळाच्या तोंडाशी त्याचं दुकान, दुकान कसलं, एक काचेचं कपाट आणि दोन स्टुलं. तो डोळ्याला भिंग लावून एकेक निब पाहू लागला.

"शाई खराब नाही, मास्तर. पेनंही ठणठणीत आहेत. विमानात न्यायचंय ना? मग एक लक्षात ठेवा. पेन काठोकाठ भरा, नाहीतर अगदी कोरडं न्या. अर्धवट भरलेलं असलं की वर गेल्यावर आतली हवा फुगते आणि सगळी शाई तुमच्या सदऱ्यावर."

बोलता बोलता त्यानं हिरवं पेन उचललं. टोपण काढलं. भिंग जवळ नेलं.

"हे कोण वापरतं?"

"कुणी नाही. मुलाचं आहे. वीस वर्षं पेटीतच आहे."

"निब उलट्या बाजूनं झिजलीय. डाव्या हाताची झीज ही, आणि थोडीथोडकी नाही." त्यानं निब चिंधीवर टेकवली. चिंधीवर निळा ठिपका पसरत गेला. "आणि ही ओली आहे, मास्तर. वीस वर्षांची शाई अशी राहते का कुठे? पापडी धरते."

त्यांच्यासमोर मुलानं त्या पेनानं डाव्या हातानं एक अक्षर कधी लिहिलं नव्हतं. मग ही झीज कधीची? दार लावून, एकटा बसून, किती वर्षं लिहीत होता तो? आणि काय?

"धुऊन द्या," ते म्हणाले. "कोरडं करून."

त्यानं तीन वेळा पाणी बदललं, निब झटकली आणि टिपकागदावर टेकवून दाखवली. डागही उमटला नाही.

मास्तरांनी काळं, जड पेन न्यायचं ठरवलं. हिरवं त्यांनी पेटीत ठेवलं आणि पेटी अक्कानं कपाटात घालून कुलूप लावलं. निघताना ती म्हणाली, "नाव लिहिताना घाई करू नकोस. आणि लिहून झालं की रड हो. इथे कधी रडला नाहीस तू."

विमानात मास्तरांचा उजवा हात खुर्चीच्या हातावर होता. पाण्याचा पेला घ्यायला त्यांनी तो उचलला, तेव्हा मनगटाशी काहीतरी अडल्यासारखं झालं. वयामुळे असेल, असं त्यांनी मनाशी म्हटलं आणि डाव्या हातानं पेला घेतला.

सुनेचं घर लहान आणि नीटनेटकं होतं. नात आठ वर्षांची. पहिल्या दिवशी लाजली, दुसऱ्या दिवशी मांडीवर येऊन बसली. तिनं आजोबांना दाखवायला चित्र काढलं, खाली नाव लिहिलं. डाव्या हातानं. तिच्या करंगळीखालची कड निळी झाली होती.

"तुला बाबांनी शिकवलं?"

"हो. बाबा म्हणायचे, ज्या हाताला लिहावंसं वाटतं त्याला लिहू द्यायचं." मग तिनं विचारलं, "तुम्ही पण असंच शिकवता का, आजोबा?"

सुनेनं पटकन स्वयंपाकघरातून हाक मारली, "चल गं, ताटं घे!" मास्तरांना उत्तर द्यावं लागलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी सुनेनं जाड पांढरा कागद टेबलावर अंथरला. दगडावर कोरणाऱ्याला तो दुपारपर्यंत द्यायचा होता. ऊन थेट कागदावर पडलं होतं. मास्तर हातांच्या खुर्चीत बसले आणि त्यांनी खिशातून पेन काढलं.

काळंच होतं. सुनेकडून दौत घेऊन त्यांनी ते भरलं, निब पुसली, टेकवली. ओरखडा उठला, शाई आली नाही. पुन्हा भरलं. पुन्हा कोरडा ओरखडा.

"आजोबा, हे चालेल?"

नातीच्या हातात हिरवं पेन होतं.

"कुठे सापडलं?"

"तुमच्या पिशवीत. बाहेरच्या कप्प्यात. भरलेलं आहे, काठोकाठ."

मास्तरांनी ते हातात घेतलं. ते खरंच भरलेलं होतं. इतका प्रवास झाला, पण टोपणात एक थेंब उतरला नव्हता.

सुनेनं लगेच अक्काला फोन लावला. मास्तरांना पलीकडचा आवाज ऐकू आला. "हिरवं? मी माझ्या हातानं कुलपात ठेवलं. थांब, बघते." मग कपाटाची करकर. आणि पाठोपाठ, "अगं, पेटीत हिरव्याची जागा रिकामी आहे!"

मास्तरांनी पेन उजव्या हातात धरलं. हात खुर्चीच्या हातावरून उठेना.

त्यांनी ओढून पाहिला. दुखत नव्हतं. थरथरही नव्हती. फक्त उठत नव्हता.

"काय झालं, बाबा?" सून घाबरली. "डॉक्टरांना बोलावू?"

"नको. थांब जरा."

नात त्यांच्याकडे बघत होती. ती हळूच म्हणाली, "तो नाही म्हणतोय ना? मग दुसऱ्यानं लिहा."

तिनं त्यांच्या बोटांतून पेन सोडवलं आणि डाव्या हातात दिलं.

मास्तरांच्या डाव्या हातानं एकाहत्तर वर्षांत एक रेघ ओढली नव्हती. त्यांनी निब टेकवली.

पेन चालू लागलं.

सावकाश. न थांबता.

नाव पुरं झालं. अक्षरं किंचित मागे झुकलेली, गोल, कुणीही न शिकवलेली. आणि त्यांच्यावरून डावीकडून उजवीकडे गेलेला एक निळा पट्टा.

सून खुर्चीच्या पाठीला धरून उभी होती. "हे अक्षर..." ती म्हणाली.

"बाबांचं आहे," नात म्हणाली. तिच्या आवाजात आश्चर्य नव्हतं.

त्याच क्षणी उजवा हात हलका झाला.

मास्तर रडले. अक्कानं सांगितलं होतं तसं, लहान मुलासारखे, टेबलावर डोकं ठेवून. नात त्यांची पाठ थोपटत राहिली.

दुपारी कोरणारा आला. कागद उजेडात धरून म्हणाला, "सुबक आहे. हा फिसकटलेला पट्टा तेवढा मी कोरताना सोडून देतो."

"सोडू नका," मास्तर म्हणाले. "आहे तसं कोरा."

तो गेल्यावर मास्तर हात धुवायला गेले. डाव्या तळहाताची कड निळी झाली होती. साबण लावला तरी ती निघाली नाही, आणि त्यांनी फार घासलंही नाही. मग उजव्या हाताची बाही वर केली.

मनगटाभोवती फिकट लाल वळ होता, कापडाच्या विणीसकट. खालच्या बाजूला दुहेरी गाठीचा ठसा होता.

मास्तरांनी डाव्या हाताचं एक बोट त्याच्यावर ठेवून पाहिलं. गाठीच्या शेजारी वळ तुटला होता. तेवढी कातडी कोरी होती, मऊ होती, न काचलेली.

बोट तिथे बरोबर मावलं.