चौथा कान

अक्राणीच्या डोंगरांवर आकाश निळंशार होतं आणि त्यात औषधालाही विमान नव्हतं. विमानं सातपुड्याच्या या भागाला वळसा घालून जात, कारण हा टापू बहिरा होता.

उपग्रह एकमेकांवर आदळून त्यांचा भुगा झाला, त्याला बरीच वर्षं लोटली होती. तेव्हापासून विमानाला 'तू अमुक ठिकाणी आहेस' असं वरून सांगणारं कुणी उरलं नाही आणि ते काम जमिनीवर येऊन पडलं. विमान उडताना रेडिओवरून सतत आपलं नाव पुकारायचं आणि लोकांच्या गच्चीवर, परसात बसवलेले छोटे रेडिओ ती हाक ऐकायचे. या रेडिओंना सगळे 'कान' म्हणत. हाक कुठल्या कानाला आधी पोचली, कुठल्या उशिरा, त्या फरकावरून विमानाची जागा ठरे. त्यासाठी चार कान लागत. तीनच असले तर त्या आकाशात शिरायला विमानाला मनाई होती.

भालचंद्र निमकरांना हे शास्त्र संसार करता करता समजलं होतं, तेही अर्धंमुर्धं. ते नाशिकचे आचारी. लोकांच्या लग्नांत पंगती उठवता उठवता हयात गेली, स्वतः कुठे जाणं म्हणून झालं नाही. त्यांच्या पत्नी कुमुदताई भौतिकशास्त्रज्ञ, कानांच्या जाळ्यावरच आयुष्य खपवलेल्या. दोघं निवृत्त झाली आणि भालचंद्ररावांनी हौसेनं एक घरगाडी घेतली. आत पलंग, ओटा, शेगडी. टपावर अर्थात एक कान, टपातच पक्का बसवलेला आणि गाडीच्याच विजेवर चालणारा, कारण त्याच्याशिवाय बायको गाडीत पाऊल टाकती ना. हिमाचलपर्यंत जायचं होतं.

वाटेत अक्राणीला थांबायचं कारण केतकी. त्यांची लेक वैमानिक होती आणि सुरत ते इंदूर विमान न्यायची. ही दोन शहरं सरळ रेघेनं जोडली की रेघ बरोबर या डोंगरावरून जाते. भोवताली तीन कान होते, चौथा नव्हता. तो आपण नेला तर आज लेक आपल्या डोक्यावरून जाईल, असं कुमुदताईंनी ठरवलं होतं. लेकीचं विमान आईबापांनी आजवर कधी पाहिलं नव्हतं.

आदल्या संध्याकाळी येऊन त्यांनी मोकळ्या जागी गाडी लावली होती. सकाळी कुमुदताई झऱ्यावर पाणी आणायला गेल्या. परत येऊन बघतात तो गाडी आंब्याखाली आणि कानाचा हिरवा दिवा लाल. त्यांनी हंडा तिथेच ठेवला.

"अहो, गाडी हलवलीत?"

"तापत होती. उन्हानं तुझं डोकं चढतं ना, म्हणून जरा सावलीत घेतली."

 काहीतरी भलतंच करून बसलो, एवढं बायकोच्या चेहऱ्यावरून भालचंद्ररावांना कळलं.

कुमुदताई चिडल्या नाहीत, ते अधिक जिव्हारी लागलं. त्यांनी समजावून सांगितलं. कान नव्या जागी आला की शेजारच्या कानांच्या खुणा रात्रभर ऐकून आपली जागा ठरवतो. याला 'ठाव घेणं' म्हणतात. नंतर त्याला हलवलं तरी तो जुनीच जागा सांगत राहतो. मग त्याचा हिशेब इतर तिघांशी जुळत नाही आणि जाळं त्याला खोटा ठरवून बाहेर काढतं.

"मग घेऊ दे पुन्हा ठाव."

"त्याला रात्र जाईल. केतकी सुरतेहून निघाली असेल."

भालचंद्रराव खाली मान घालून उभे राहिले आणि त्यांची नजर मातीवर गेली. रात्रीच्या दवानं जमीन मऊ झाली होती आणि चाकं रुतून चार खळगे पडले होते. जुन्याच जागी गाडी उभी केली तर, त्यांनी विचारलं. वीतभर इकडेतिकडे चालेल, असं म्हणता म्हणता कुमुदताई गाडीत चढल्याही. त्या मागे घेत होत्या आणि हे हातवारे करत पुढे नाचत होते. दोनदा चुकलं. तिसऱ्या खेपेला चाकं धपकन खळग्यांत बसली आणि दिवा हिरवा झाला.

थोड्याच वेळात गाडीतल्या, कानाला जोडलेल्या पडद्यावर सुरतेच्या बाजूनं एक ठिपका सरकत आला. वळशाच्या वाटेशी तो क्षणभर घुटमळला आणि सरळ डोंगरांकडे आला.

कानाला ऐकता येतं, बोलता येत नाही. तरी भालचंद्रराव वर बघून दोन्ही हात हलवत सुटले. उंचावर पांढरं इवलंसं विमान चाललं होतं. पडद्यावरचा ठिपका लखलखला, मग पुन्हा एकदा. आपली खूण ठळक करण्याचं एक बटण वैमानिकाकडे असतं, ते केतकीनं दाबलं होतं. कुमुदताई रडल्या आणि हसल्या, आणि भालचंद्ररावांनी तिथल्या तिथे शिरा करायला घेतला.

शिरा होईतो आणखी विमानं आली. जवळची वाट उघडल्याचं सगळ्यांना कळलं होतं. इंदूरला उतरून केतकीनं फोन केला. उद्यापासून तिची हीच वाट ठरली होती. मग आरोग्यकेंद्रातल्या परिचारिका सविता पावरा मोटरसायकल दामटत आल्या. रुग्ण नेणारं छोटं विमान इथे कधीच येत नसे, ते उद्या पहिल्यांदा दिवस भरत आलेल्या एका नाजूक प्रकृतीच्या गर्भवतीला न्यायला येणार होतं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. तुम्ही आहात ना इथे, एवढंच त्यांनी विचारलं.

भालचंद्ररावांनी बायकोला बाजूला घेतलं. "आपण गेलो की जाळं इथे दुसरा कान पाठवेल ना?"

"जिथे कान नाही तिथेच पाठवतात. हा टापू आता बहिऱ्यांत धरत नाहीत."

"आणि आपण हा घेऊन गेलो तर?"

"पुन्हा बहिरा होईल. मग अर्ज, पाहणी... मी त्या समितीवर होते. कित्येक वर्षं लागतात."

वरून एक विमान संथपणे इंदूरकडे गेलं. हिमाचल अजून कुठच्या कुठे होतं. हा तर त्यांचा पहिलाच मुक्काम होता. भालचंद्ररावांनी चार चांगले दगड शोधून आणले आणि एकेका चाकाला लावले. मग हात झटकून सविताताईंना शिऱ्याची वाटी दिली आणि विचारलं, "इथे बाजार कुठल्या वारी भरतो?"