नागमोडी शेपटी

कर्रकट्!

मामाने कात्रीने दुधाची पिशवी कापली आणि स्वयंपाकघरातली शांतता मोडली. सकाळपासून सगळे काळजीत होते. आईच्या मासळीच्या दुकानात, बर्फाच्या पेटीच्या तळाशी, तपासनीस बाईंना तीन शेपूट कातरलेले मासे सापडले होते!

हौसेखातर गळ टाकणाऱ्याने मासा धरला, की लगेच त्याच्या शेपटीचं टोक कातरायचं, असा नियम होता. म्हणजे तो विकायचा नाही, घरी खायचा. असे मासे दुकानात कसे? पाच वाजेपर्यंत खुलासा झाला नाही, तर आईचा परवाना जाणार होता.

चिंगी दुधाच्या पिशवीकडे टक लावून बघत होती. कापलेली कड नागमोडी! तिने दादाला आणि शेजारच्या टिल्लूला अंगणात ओढलं.

"त्या शेपट्या अश्शाच होत्या! मी सकाळी पाहिल्यात. ही आपली शिवणाची, नागमोडी कापणारी कात्री!"

"म्हणजे मामा? रविवारी गळ टाकून बसतो तो?" टिल्लूने आ वासला. "पण तो कबूल कसा होणार? तुमच्या आईपुढे त्याची तर ततपप होते!"

"गळवाल्याला बोलतं करायला अक्कल लागते," दादा ऐटीत म्हणाला. "चला!"

आत जाऊन तो साळसूदपणे म्हणाला, "मामा, पेटीतले ते मासे अगदीच बोटाएवढे होते म्हणे."

"बोटाएवढे?" मामा ताडकन उठला. "अरे, हातभर होता एकेक! मोठ्याने तर माझा गळच..."

त्याने जीभ चावली. पण उशीर झाला होता.

"मेल्या, तू?" आई किंचाळली.

"ताई, फ्रिजमध्ये जागा नव्हती गं! संध्याकाळी उचलणार होतो. मग बाई आल्या आणि माझी बोलायची छातीच होईना..."

आईने त्याला दंडाला धरून तपासनीस बाईंच्या कचेरीत नेलं. कात्री घेऊन पोरं पुढे धावली. पावणेपाच!

बाईंनी त्याच कात्रीने कागद कापून जप्त केलेल्या माशाच्या शेपटीला लावला. तंतोतंत!

"तरीच ते घरच्या रुमालात गुंडाळलेले होते," त्या हसल्या. "परवाना राहील. पण दुकानाची पेटी म्हणजे घरचा फ्रिज नव्हे! मामा, महिनाभर तुमचा गळ माझ्याकडे. आणि पोरांनो, शाबास! अशी नजर माझ्या माणसांनाही नाही."

आईने कितीतरी वेळाने मोकळा श्वास घेतला. तिघांनाही तिने एकदम कवेत घेतलं. टिल्लू तर गुदमरलाच!

घरी येताना चिंगीने आईचा पदर ओढला.

"आई, आपल्याला हौसेनं धरलंय की पोटासाठी, हे माशाला कसं कळतं गं?"